ब्रोकोलीच्या वाफ्यातली ओल

सकाळचे साडेसहा. मागच्या अंगणातल्या ब्रोकोलीच्या वाफ्यात माती ओली होती आणि पानांवर दव गोठून पांढरं झालं होतं. सुनेने मातीत बोट खुपसून पाहिलं. ओल वरवरची नव्हती, मुळांपर्यंत गेली होती. आदल्या संध्याकाळी रेडिओने रात्र उबदार जाईल असं सांगितलं होतं, म्हणून तिने पाणी घातलं नव्हतं.

असं या हिवाळ्यात पहिल्यांदा घडत नव्हतं.

दव गोठणार असेल त्या संध्याकाळी वाफ्याला पोटभर पाणी द्यायचं, ही सासऱ्यांची पद्धत. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते, कोरडी रातोरात दगा देते, असं ते म्हणत. दव कधी गोठणार हे ते दुपारीच सांगत आणि सहसा चुकत नसत. गल्लीत त्यांना हवामानखातंच म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात ते रोपं आणायला म्हणून मागच्या दाराने बाहेर पडले, ते आलेच नाहीत. पोलिसांनी इस्पितळं पालथी घातली, नदीकाठ पाहिला. रोपवाटिकेचा मालक म्हणाला, माझ्याकडे पोचलेच नव्हते.

यंदाची रोपं सुनेने लावली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पण तिला घोर होता तो दाराचा. सासूबाई मागचं दार लावूच देत नव्हत्या. रात्रीसुद्धा ते नुसतं लोटलेलं, आणि त्यांची खाट दाराशीच. सून नर्स होती. सासूबाईंचा खोकला कुठल्या वळणावर आलाय हे तिला नुसत्या कानाने कळत होतं. डॉक्टरांनीही आडपडदा ठेवला नव्हता. पुन्हा न्यूमोनिया झाला तर झेपायचा नाही.

"आई, दार लावू या ना. बाबा आले तर कडी वाजवतील."

"वर्षभर पायपीट करून आलेल्या माणसाने स्वतःच्याच घराची कडी वाजवायची?" सासूबाई धाप लागेपर्यंत खोकल्या. "आणि आले तर म्हणे! मग पाणी कोण घालतं? तुझा नवरा? त्याला स्वतःला पाणी प्यायचं असलं तरी तो तुला हाक मारतो."

नवरा बसचालक. पहिल्या पाळीला निघता निघता त्याने हे ऐकलं आणि हसला. अंगणात आल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला.

"तू हे बंद कर आता."

"काय बंद करू?"

"पाणी घालणं. आईला बरं वाटावं म्हणून घालतेस, कळतं मला. पण त्यापायीच दार उघडं राहतंय."

"मी? अरे, मला वाटलं तू घालतोस!"

इतके दिवस दोघांनीही दुसऱ्याचा चांगुलपणा समजून अळीमिळी गुपचिळी केली होती. सासूबाईंचा प्रश्नच नव्हता. घरात भिंत धरून त्या चार पावलं टाकत, पण पायरी उतरायला त्यांना दोन माणसं लागत.

"शेजारी असतील," नवरा म्हणाला.

"भिंत चढून येऊन पाणी घालतात? गड्डे चोरले असते तर मानलं असतं मी."

संध्याकाळी त्याने बागेच्या नळाचं पाणी मुख्य कॉकपासूनच तोडलं. तिने झारी आणि बादल्या न्हाणीघरात कोंडून कुलूप घातलं. विचार सरळ होता. सकाळी कोरडी माती आईंना दाखवायची आणि दार लावून टाकायचं. आशा जाईल, पण छाती वाचेल. तिला स्वतःचीच चीड आली. कुलूप मात्र तिने दोनदा ओढून पाहिलं.

सकाळी दोघं सासूबाईंच्या खाटेजवळून, मागच्या दाराने बाहेर आले. पानं पांढरी पडली होती. काही लुळी होऊन लोंबत होती. ऊन आलं की ती उभी राहतात हे ठाऊक असूनही तिने एक पान बोटाने वर उचलून धरलं. नवऱ्याने नळ फिरवला. थेंब आला नाही. मग त्याने मातीला हात लावला आणि तसाच उकिडवा बसून राहिला. तळव्याला चिखल लागला होता.

पाठीमागे कडी सरकल्याचा आवाज झाला.

"आई! आम्ही बाहेर आहोत!"

"पुढून या," आतून सासूबाई म्हणाल्या. "हे दार आता उघडायचं नाही. गारठा येतो."

"इतके दिवस मी तेच सांगत होते ना!"

"तेव्हाची गोष्ट निराळी होती. आणि हे बघ, येताना एक गड्डा काप. थंडी लागलीय, गोड झाला असेल. मोठा बघ, दोघांना पुरेल असा."

कोण दोघं, हे सुनेने विचारलं नाही.

त्या दिवसापासून दार बंद आहे. सासूबाईंची खाट आतल्या खोलीत गेली, खोकला उतरला, डॉक्टर खूष आहेत. वाफ्यातली माती मात्र सकाळी कोरडी असते. सुनेने स्वतः पाणी घातलं असेल तरच ओली. कधी घालायचं ते तिला कळत नाही. ते सासूबाई सांगतात. त्यांच्या खोलीत आधी थोडा वेळ अगदी शांतता होते, कुणाचं तरी बोलणं ऐकून घ्यावं तशी, आणि मग हाक येते.

काल दुपारी आली. "आज पाणी घाल गं."

आकाश भरून आलेलं होतं, हवेत ऊब होती. तिने झारी उचलली आणि पाणी घातलं.

आज सकाळी पानं पांढरी आहेत.