रिकामा फोल्डर

“फोल्डर रिकामा नाही,” असं मशीन म्हणालं. म्हणजे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत, इंग्रजीत म्हणालं. हितेंद्रला हसूच आलं.

“काय झालं?” अनुजाने दारातूनच विचारलं. ती भंगारवाल्याची वाट बघत होती.

“काही नाही गं. म्हातारं चळलंय. रिकामा फोल्डर पुसून टाक म्हणतोय, तर ऐकत नाहीये.”

“सोडा ना दादा. तसंही भंगारातच जाणारंय ते.”

पण सोडेल तो हितेंद्र कसला! ठाकूरद्वारच्या या छापखान्यात त्याची उमेद, डोळे आणि पुढचे केस गेले, पण ‘असू दे’ म्हणणं काही त्याला जमलं नाही. अनुजाचे वडील तात्या, म्हणजे छापखान्याचे मालक, गेल्या वर्षी गेले. आता इमारतही पाडायची होती. जुनी कामं एका डिस्कवर काढून द्यायला अनुजाने त्याला बोलावलं होतं. ती काढून झाली. फक्त झाडलोट राहिली होती आणि ती कुणीही सांगितली नव्हती.

छापखान्यात कॉम्प्युटर होते दोन जातींचे. बाहेरच्या खोलीत विंडोजवाले, ज्यांवर मजकूर जुळवला जायचा. आतल्या खोलीत, जिथे छपाईच्या प्लेटा निघायच्या, तिथे हितेंद्रचा लिनक्स. तो तात्यांच्या भाच्याने बसवून दिलेला, कारण फुकट. या दोघांचं एकमेकांशी सरळ जमत नसे. मग हितेंद्र रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की काळ्या पडद्यावर एक लांबलचक ओळ टाइप करायचा, आणि बाहेरच्या खोलीतला ‘तयार’ नावाचा फोल्डर त्याच्या मशीनवरच्या त्याच नावाच्या फोल्डरवर येऊन बसायचा. ती ओळ त्याला स्वतःच्या फोन नंबरापेक्षा पक्की पाठ होती. त्याचा त्याला गर्वही होता, आणि तो लपत नसे.

बसायचा म्हणजे कसा, तर ओट्यावर मेणकापड पसरावं तसा. कापड आहे तोवर कापडच दिसतं. खाली ओट्यावर कुणी काही ठेवलं असेल तर ते जात नाही, दिसत नाही इतकंच. हे हितेंद्रला ठाऊक होतं. पण त्याचा स्वतःचा फोल्डर रिकामाच असायचा, मग त्यात डोकावायचं कशाला?

आज त्याने ते कापड कायमचं काढलं होतं. खालचा फोल्डर पुसायला सांगितला, तर मशीन नाही म्हणत होतं.

“बघू तरी,” असं पुटपुटत त्याने आत काय आहे ते विचारलं.

एकच फाइल होती. लालबागच्या एका गणेशोत्सव मंडळाचा सुवर्णमहोत्सवी अंक. शेवटचं प्रूफ दुरुस्त केलेला. तारीख तेरा वर्षांपूर्वीची, हरतालिकेची. वेळ दुपारची, पावणेचार.

हितेंद्रने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तारीख तीच होती.

“दादा, बरं वाटत नाहीये का?” अनुजाने विचारलं.

“पाणी दे,” तो म्हणाला.

त्या दिवशी दुपारी वीज गेली आणि येताना दोन्ही खोल्यांना जोडणारा नेटवर्कचा स्विच जाळून गेली. हितेंद्र नवा आणायला लॅमिंग्टन रोडला धावला. बाहेरच्या खोलीत अंक जुळवत बसला होता वसंत. अंक दुसऱ्या दिवशी, चतुर्थीला मंडपात वाटायचा होता. आणि वसंतला त्याच संध्याकाळी परळहून गावची गाडी पकडायची होती. कोकणातला माणूस चतुर्थीला गावात नसेल तर तो आजारी तरी असतो नाहीतर तुरुंगात. तात्यांनाही ते मान्य होतं. “अंक ‘तयार’मध्ये टाक आणि सूट,” असं ते सकाळीच म्हणाले होते.

हितेंद्र स्विच घेऊन परतला तेव्हा वसंत निघून गेला होता. त्याने जोडणी केली, ती पाठ ओळ टाइप केली, फोल्डर उघडला. अंक नव्हता.

वसंतच्या मशीनवरही नव्हता. कारण तात्यांचा नियम होता: एका कामाची एकच प्रत. एकदा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची जुनी प्रत छापली गेली होती, मुलगी भलत्याच हॉलवर पोचली होती. तेव्हापासून काम कॉपी करायचं नाही, कट करूनच पुढे सरकवायचं. वसंतचा फोन घाटात लागेना. पुढे गावात लागण्याचा प्रश्नच नव्हता. जुन्या प्रुफांवरून अंक पुन्हा जुळवेपर्यंत गणपती विसर्जनाला निघाले, आणि मंडळाने तात्यांच्या तोंडावर सांगितलं की आता पुढे काम नाही.

वसंत परतला तो हातात मालवणी खाज्याची पुडी घेऊन. सगळ्यांसमोर तात्यांनी त्याला उभा केला.

“तात्या, आयशप्पत सांगतो,” वसंत म्हणाला. “पेनड्राइव्हवरून ‘तयार’मध्ये टाकला मी. माझ्या हाताने.”

तात्यांनी हितेंद्रकडे बघितलं.

“नव्हता,” हितेंद्र म्हणाला. “मी स्वतः बघितलं.” एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याच्याने थांबवलं नाही. “गावाच्या घाईत राहिलं असेल रे. होतं माणसाचं.”

ते ‘होतं माणसाचं’ त्याने मोठ्या मनाने म्हटलं होतं. आज तेच त्याला आठवलं. कुठल्या ‘तयार’मध्ये टाकलास, एवढं एक त्याने विचारलं असतं तर? नेटवर्क बंद, म्हणून वसंत पेनड्राइव्ह घेऊन आतल्या खोलीत आला असणार. हितेंद्रचंच मशीन चालू केलं असणार. समोर ‘तयार’ नावाचा फोल्डर, रिकामा. त्याला काय माहीत, वीज गेली तेव्हा सकाळचं मेणकापडही निघालं आणि अजून परत घातलेलं नाही म्हणून? त्याने अंक नेमका ठेवायचा तिथेच ठेवला. वर कापड घातलं ते हितेंद्रने.

वसंतने तो महिना संपायच्या आधीच नोकरी सोडली. खाज्याची पुडी आतल्या खोलीत तशीच पडून राहिली होती, शेवटी मुंग्यांनी संपवली.

हितेंद्रने फाइल पेनड्राइव्हवर घेतली. भंगारवाला आला तेव्हा तो जिना उतरत होता.

डिलाईल रोडच्या चाळीत वसंतची खोली तिसऱ्या मजल्यावर. दार मालनने उघडलं. वसंतची बायको. पिशवी काखेला, कामावर निघालेली. तिने हितेंद्रला ओळखलं, पण ‘या’ म्हणायला वेळ घेतला.

“अंघोळीला गेलेत. बसा.” मग चपला घालता घालता म्हणाली, “काय काम काढलंत इतक्या वर्षांनी?”

“तो अंक सापडला, वहिनी. वसंतने टाकला होता. माझ्याच मशीनवर होता. माझी चूक होती.”

मालन एक चप्पल पायात घालून तशीच उभी राहिली.

“भावजी, ह्या माणसाचं काय झालंय तुम्हाला माहीत नाही,” ती हळू म्हणाली. “गॅस तीन-तीनदा बघतात. नळ बघतात. परवा भाचीच्या लग्नाला निघालो, दादरला उतरलो आणि परत आले. कुलूप लावलं का बघायला. लागलेलंच होतं. लग्न लागून गेलं तिथं.” ती दाराबाहेर पडली आणि मागे वळून म्हणाली, “आधी असे नव्हते ते.”

वसंत टॉवेलने डोकं पुसत आला. केस पांढरे झाले होते, बाकी तोच. हितेंद्रला बघून क्षणभर थबकला आणि मग नेहमीसारखं हसला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“अरे! तू? तात्यांचं कळलं मला. यायला पाहिजे होतं रे, पण...”

हितेंद्रने सगळं एका दमात सांगितलं. वीज, स्विच, कापड, खालचा फोल्डर. पेनड्राइव्ह पुढे केला. वसंतने तो घेतला आणि तळहातावर ठेवून बघत राहिला.

“होता?” त्याने विचारलं.

“होता.”

“किती वाजताचा दिसतोय?”

“पावणेचार.”

“हां. गाडी पाचची होती.” त्याने पेनड्राइव्ह उलटा करून बघितला. खाली कुणीतरी पाण्याची टाकी भरत होतं.

“माहितीये काय, हितू,” तो शेवटी म्हणाला, “सुरुवातीला मी ठासून सांगायचो सगळ्यांना. टाकला म्हणजे टाकला. मग हळूहळू वाटायला लागलं, हितू खोटं कशाला बोलेल? त्याचं माझं काय वाकडं? त्याने तर डोळ्यांनी बघितलं. म्हणजे मीच नसेल टाकला. म्हणजे टाकला असं मला नुसतं वाटतंय. आणि एकदा तसं झालं ना, की मग दुसरं काय काय नुसतंच वाटतंय, कसं कळणार?”

हितेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही. “मला माफ कर, वसंत.”

“सोड रे. तू पण काय, जे दिसलं ते बोललास.” वसंतने पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला. “आता कॉटन ग्रीनला गोदामात आहे मी. माल उतरवून घ्यायचा. प्रत्येक खोकं दोनदा बघतो, म्हणून शेठ जाम खूश. चल, खाली चहा मारू. घरात दूध नाहीये.”

त्याने गॅस बघितला. नळ बघितला. परत गॅस बघितला. बाहेर येऊन कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली, खिसा चाचपला. पेनड्राइव्हचा खिसाही चाचपला. दोघं जिना उतरायला लागले. वसंत गावच्या घराविषयी सांगत होता, बोलत बोलत एक मजला खाली आले, आणि तिथे त्याचं बोलणं मधेच तुटलं. तो वर बघायला लागला.

“लागलंय रे,” हितेंद्र पटकन म्हणाला. “मी बघितलं ना.”

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो ते.

वसंतने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. उलट थोडं ओशाळूनच.

“हो, लागलंच असेल,” तो म्हणाला. “तू हो पुढं. मी आलोच.”

तो वर गेला. हितेंद्र पुढे झाला नाही. कठड्याला धरून तिथेच उभा राहिला. वरून कुलूप ओढल्याचा आवाज आला. मग थोडं थांबून पुन्हा आला.