जळलेला दगड

रविवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी गार्नेट सिग्फुसनचा शेवटचा दगड वर्तुळाच्या मध्यापासून वीतभर अंतरावर थांबला. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या पुरुष कर्लिंग स्पर्धेचा उपांत्य सामना सात-सहा असा संपला. या खेळात बर्फावरून दगड सरकवायचे; मध्याच्या सर्वांत जवळ ज्याचा दगड, गुण त्याला. गार्नेटचा कॅल्डरवुड संघ सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला होता. ही स्थिती साधारण वीस सेकंद टिकली.

समोरच्या संघाचा कर्णधार कोल्बी फ्रीझन हात मिळवायला पुढे आला. गार्नेटच्या संघातल्या ऑरेस्ट हलुश्काने हात पुढे केला नाही.

"थांब," तो म्हणाला. "बहुतेक माझा ब्रश लागला."

ऑरेस्ट एकोणसाठ वर्षांचा. गावच्या धान्यकोठारावर वजनकाटा सांभाळतो. संघात त्याचं काम म्हणजे सरकत्या दगडाच्या पुढे धावत बर्फ घासणं. घासलं की दगड थोडा लांब जातो. घासताना ब्रश दगडाला लागला तर तो दगड जळला. हे ज्याचा ब्रश लागला त्यानेच सांगायचं. मग दगड ठेवायचा की काढायचा, ते समोरचा कर्णधार ठरवतो.

"बहुतेक म्हणजे?" कोल्बीने विचारलं.

"टक् असा आवाज आला."

"मला नाही आला. तुम्हाला कुणाला आला?" बाकीच्यांनी नकारार्थी माना हलवल्या. "अहो ऑरेस्ट, लागला तर हाताला कळतंच की."

"या हाताला नाही कळत." ऑरेस्टने डावा हात हातमोज्यातून काढला. "तीन बोटं बधिर आहेत. नोव्हेंबरपासून."

तेवढ्यात दुसऱ्या टोकाहून गार्नेट घसरत आला. तो हसत होता.

"काय रे, मोजमाप काढताय की काय? आंधळ्यालाही दिसेल, आमचाच आत आहे."

"ऑरेस्ट म्हणतायत, जळला," कोल्बी म्हणाला.

गार्नेटने आधी ऑरेस्टच्या तोंडाकडे पाहिलं, मग उघड्या हाताकडे.

"मला उगाच पेचात टाकू नका," कोल्बी म्हणाला. "जळला असेल तर मी काढणार. नसेल तर तुम्ही जिंकलात. हो की नाही, एवढंच सांगा. बहुतेक-बिहुतेक चालत नाही यात."

ऑरेस्ट दगडाकडे बघत राहिला.

"जळला," तो म्हणाला.

कोल्बीने तो दगड पायाने बाजूला सारला. आता मध्याच्या सर्वांत जवळ त्याचा दगड होता. सहा-सात. मग सगळ्यांनी हात मिळवले.

रिवाजाप्रमाणे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना बिअर पाजली. कोल्बी ग्लास घेऊन ऑरेस्टपाशी आला.

"आमचे आजोबा म्हणायचे, हलुश्का चिवट आहे. ठार वेडा आहे, हे नव्हते बोलले."

ऑरेस्ट हसला. उजव्या हाताने त्याने अर्धा ग्लास संपवला. उरलेली बिअर तशीच राहिली.

कॅल्डरवुड तिथून एकशे नव्वद किलोमीटर. गाडी गार्नेट चालवत होता. मागे बसलेले दोघे झोपले होते, किंवा डोळे मिटून होते. निम्मा रस्ता सरल्यावर गार्नेट बोलला.

"लागल्याचं कळलं तुला?"

"नाही."

"मग बोललास कशाला?"

"न लागल्याचंही कळलं नाही."

गार्नेटने मागून आलेल्या ट्रकला पुढे जाऊ दिलं.

"नोव्हेंबरपासून म्हणालास. रोज भेटतोस मला. आणि हे मी चारचौघांत ऐकायचं?"

"सांगितलं असतं तर खेळवलं असतंस?"

गार्नेटने हीटर बंद केला, थोड्या वेळाने पुन्हा लावला. ऑरेस्ट घराशी उतरला तेव्हा गार्नेटने त्याची बॅग काढून दिली.

गुरुवारी डॉक्टरने ऑरेस्टला डोळे मिटायला सांगून डाव्या हाताच्या पाचही बोटांना सुई टोचली. ऑरेस्ट दोनदा "हं" म्हणाला. मानेतली नस दबली असावी, असं डॉक्टरचं म्हणणं. मानेच्या तपासणीची तारीख अजून मिळालेली नाही.

शनिवारी गार्नेटचा फोन आला. ऑरेस्टची बायको डोरीनने घेतला.

"काय म्हणाला?" ऑरेस्टने विचारलं.

"मंगळवारी क्लबात येतोयस का, विचारत होता."

"खेळायला?"

"ते नाही बोलला. मी म्हटलं, सांगते." तिने भांडी पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "लावून देऊ का फोन?"

"राहू दे. करतो मी."

सोमवारी संध्याकाळपर्यंत ऑरेस्टने फोन केलेला नव्हता.