बारा गॅमा

दारणाकाठच्या त्या खोलीत लोखंडाचा एक खिळाही नव्हता. दगडी भिंती, पितळी बिजागऱ्या, तांब्याचे खिळे. आत जाण्याआधी मी केसांतल्या पिना आणि पदराची सेफ्टीपिन काढून शंभर पावलांवरच्या चिंचेखाली एका मडक्यात ठेवायची. पोलक्याला हूक न लावता नाड्या शिवल्या होत्या. सायकलही चिंचेखालीच. हे नियम माझ्या भावाचे, भिमाजीदादाचे.

दादा आमच्या नाशिक रोडच्या बौद्ध कॉलनीतला पहिला डॉक्टर, पण औषधाचा नव्हे. तो मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होता. सूर्याकडून विजेने भारलेल्या कणांचा वारा येतो, त्याला तो प्लाझ्मा म्हणायचा. हा वारा पृथ्वीच्या चुंबकी कवचावर आदळला की कवच थरथरतं, आणि ती थरथर आमच्या खोलीत टांगलेल्या बारीकशा चुंबकाला कळते. चुंबकावरच्या आरशातून प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर दिवसभर रेघ काढायचा. संध्याकाळी कागद बदलायचा तो पुंजाराम. गुलाबाचा मळा त्याचा, खोलीला जागाही त्यानेच दिलेली. सकाळी रेडिओवर घड्याळ मिळवायचं आणि तापमान लिहायचं, हे माझं काम. साल १९७८. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि बाहेरून बी.ए. करत होते. काम झालं की खोलीच्या ओट्यावर अर्धा तास अभ्यास करायची. घरी आठ माणसांत तेवढी शांतता नव्हती.

चिंच रस्त्याला लागून होती. तिथे एक टोळकं बसायचं.

"आली हो साहेबीण! काय गं, आता सूर्यपण तुमच्याच कॉलनीत राहायला आला का?"

मी पिना मडक्यात टाकून खोलीकडे चालू लागायची. मग त्यांनी टायरची हवा काढायला सुरुवात केली. दोनदा चार मैल सायकल ढकलत नेली, हेडमास्तरांची बोलणी खाल्ली. तिसऱ्यांदा त्यांनी सीट ब्लेडने फाडली. दादाला कळवलं असतं तर तो येऊन त्यांच्याशी भांडला असता. मी गुपचूप सायकल खोलीच्या मागच्या भिंतीला टेकवू लागले.

"मास्तरीणबाई," पुंजाराम म्हणाला, "दादासाहेबांनी पाह्यलं तर मला फासावर देतील बरं!"

"अर्धाच तास, भाऊ. कुणाला कळतंय?"

चुंबकाला कळत होतं.

तीन महिन्यांनी दादा कागदांची गुंडाळी घेऊन घरी आला आणि बूटही न काढता जमिनीवर बसला. "मैने, हे बघ." रोज सकाळी सातच्या सुमाराला रेघ वर उचलली जात होती आणि अर्ध्या तासाने खाली येत होती. बारा गॅमा. गॅमा हे चुंबकत्वाचं अगदी लहान माप. "हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. आणि हे चार दिवस बघ, काहीच नाही. सूर्य शांत होता."

त्या चार दिवसांत मी तापाने अंथरुणावर होते.

"कडा एवढ्या सरळ कशा, ते मात्र कळत नाही." तो अवघडल्यासारखा हसला. "खोलीजवळ लोखंड येत नाही ना? संस्थेतले लोक विचारणारच. माझ्यासारख्या पगारेच्या केंद्रावर आधी लोखंड शोधा म्हणतील."

लहानपणापासून दादा मान खाली घालून अभ्यास करणारा. त्याचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"नाही येत," मी म्हणाले.

"लिहून देशील?"

मी लिहून दिलं. खाली सही केली.

दुसऱ्या दिवसापासून मी सायकल पुंजारामच्या ओसरीवर लावू लागले. हे आधी सुचलं नव्हतं असं नाही. आमची सायकल तो ओसरीवर घेईल का, हे विचारायचा धीर झाला नव्हता. विचारलं तेव्हा म्हणाला, "लावा की! त्यात काय विचारायचं?"

रेघ सरळ झाली. ते कागद दादाकडे पोचले तोवर त्याचा निबंध गेला होता. तो छापून आला, अभिनंदनाची पत्रं आली, आणि मग दुसऱ्या कुठल्याच केंद्राला ते दिसेना. संस्थेत रेघेच्या त्या उंचवट्याला चेष्टेने 'पगारेची टेकडी' म्हणू लागले. बढती थांबली. "सूर्य मंदावलाय," तो म्हणायचा, "जागा झाला की दिसेल." प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असायचा, रेघ काय म्हणते?

ब्याऐंशी साली वहिनीने कळवलं की दादा जेवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल नेऊन भिंतीला टेकवली. एकदाच. कागद मुंबईला पोचला तसा दादा पेढे घेऊन आला. "आली की नाही!" म्हणत त्याने माझ्या तोंडात पेढा घातला. त्या एका सकाळच्या जोरावर त्याने आणखी चार वर्षं काढली.

शहाऐंशीत संस्थेने केंद्र बंद केलं. दादा चुंबक पेटीत भरत होता, तेव्हा ओट्यावर उभी राहून मी सगळं सांगितलं.

तो ओरडला नाही. खिशातून पेन्सिल काढली.

"कुठल्या भिंतीला?"

"मागच्या."

"पुढचं चाक कुणीकडे?"

"पूर्वेला."

त्याने पावलांनी अंतर मोजलं आणि एका जुन्या कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. "साडेअकरा," तो म्हणाला. "पेडल धरलेले नाहीत. धरले की बारा." क्षणभर त्याचा चेहरा त्या दिवशीसारखा उजळला. मग पेन्सिल हातातून सुटली.

"आणि ते चार दिवस?"

"मला ताप होता, दादा."

तो पेटीवर बसला. "चिंचेखाली का लावली नाहीस?"

मी टायरचं सांगितलं. फाडलेल्या सीटचं सांगितलं.

"मला का नाही कळवलंस?"

"तू भांडला असतास."

"भांडलो असतो," तो म्हणाला. "तेवढंच झालं असतं ना, मैने."

त्याने निबंध मागे घेतला, नोकरी सोडली. मालेगावच्या एका कॉलेजात अकरावीच्या मुलांना शिकवत राहिला. माझ्याशी नीट वागायचा, पण आकाशाबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. दहा वर्षांनी गेला.

त्याच्या कागदांत संस्थेला लिहिलेल्या पत्राची नक्कल मिळाली. इंग्रजी होती, मी डिक्शनरी घेऊन वाचली. चूक सर्वस्वी आपली, असं त्याने लिहिलं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. माझी सहीची चिठ्ठी त्या नकलेलाच जोडलेली होती. टाचणीने नव्हे, पांढऱ्या दोऱ्याने शिवून.