दाई-मादीची पिल्लं

बर्गनच्या प्रयोगशाळेतल्या आमच्या उंदीरघरात तपकिरी उंदरांचा एक वंश संपत आला होता. ते उंदीर ऐन तारुण्यात आंधळे होत, म्हणून गुडनी त्यांच्यावर डोळ्यांच्या आजाराचा अभ्यास करायची. पण त्या माद्या वेताला दोन-तीनच पिल्लं घालत. शेवटी एकच मादी उरली. गुडनीनं तिला हॉर्मोनच्या सुया टोचल्या, म्हणजे वेत मोठं होईल.

वेत मोठं झालं खरं. मादीला धड वळता येईना.

"ही उंदरीण आहे की लोकरीचा गुंडा?" आस्ब्यॉर्न म्हणाला. तो आणि मी पिंजरे सांभाळायचो.

"हस तू. माझं सगळं काम तिच्या पोटात आहे."

दिवस उलटले तरी ती व्याली नाही. पोटात दाटी एवढी, की एकही बाहेर येईना. गुडनीनं तिला मारून पोट उघडलं. आत निळसर, बोटाच्या पेराहूनही लहान जीव. आम्ही ते चोळत बसलो. बरेचसे गुलाबी झाले, हलू लागले.

दाई म्हणून एक पांढरी मादी तयार होती, आदल्याच दिवशी व्यालेली. परकी पिल्लं द्यायची तर तिची स्वतःची काढून मारायची, अशी आमची रीत. ते काम आस्ब्यॉर्नचं. परकी पिल्लं तिचा वास लागावा म्हणून तिच्या भुशात घोळवून घरट्यात ठेवणारही तोच.

"तिची काढलीस ना रे?" गुडनीनं विचारलं.

"हो गं बाई. जा, कॉफी घे. तोंड बघ केवढंसं झालंय."

मग घरट्याला कुणी हात लावला नाही. पहिल्या रात्री लावायचा नसतो, मादी बिथरून पिल्लं टाकते.

पिल्लू दूध प्यालं की पोटाच्या कातडीतून पांढरा ठिपका दिसतो. सकाळी गुडनी तोच शोधत होती. ठिपका होता, पण जाडजूड पिल्लांच्या पोटात. तपकिरी मादीची पिल्लं त्यांच्याखाली चेपून गार पडली होती.

"ही कुणाची, आस्ब्यॉर्न?"

"तिचीच." तो खाली बघत होता. "मला वाटलं, दूध पुरेल सगळ्यांना. एका दिवसाची होती गं."

"माझी त्याहून लहान होती."

त्यानं जाड पिल्लांकडे हात नेला. "काढू आता?"

"आता कशाला?" गुडनीनं पिंजऱ्याचं झाकण लावलं. "वाढव त्यांना."