भेसूर नसलेले चेहरे

रुचिरा मेश्रामने रस्तोगीला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं की चेहरे भेसूर होणार नाहीत.

रस्तोगीचं लखनऊच्या गोमतीनगरात हॉटेल होतं आणि त्याच्या गच्चीवर त्याला बेटांच्या थाटाचा बार काढायचा होता. बांबूच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर आणि पेयं द्यायला टिकी मग. टिकी म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे लोक लाकडात नि दगडात कोरतात त्या माणसांच्या आकृती. जाड भुवया, मोठाले डोळे, कानापर्यंत गेलेलं तोंड. अमेरिकेतल्या बारवाल्यांनी कधीकाळी ते चेहरे उचलून पेल्यांवर चढवले आणि तेव्हापासून ती फॅशन जगभर फिरते आहे. रस्तोगीने फोनवर फोटो दाखवले. सुळे, लाल जिभा, कवट्या.

"थोड़ा डरावना चाहिए, मैम. जंगली टाइप."

"डरावना मैं नहीं बनाऊँगी," ती म्हणाली. "ये किसी के पुरखे हैं."

तो हसला. "ठीक है, आप आर्टिस्ट हैं."

विकास नगरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये तिची भट्टी होती. वडील भाऊराव टेलिफोन खात्याच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले, बदल्या होत होत लखनऊत थांबले आणि निवृत्त होऊन इथलेच झाले. लेकीने मातीकाम करावं हे त्यांना आधी पटलं नव्हतं. आता तेच शेजारपाजाऱ्यांना भट्टी दाखवायला आणत.

संग्रहालयांनी इंटरनेटवर टाकलेले जुन्या कोरीव मूर्तींचे फोटो रुचिराने कितीतरी दिवस पाहिले. मार्केसास बेटांवरचे, न्यूझीलंडच्या माओरींचे. त्यातली एकही मूर्ती तिने जशीच्या तशी घेतली नाही. कोण कुणाचा आजा, आपल्याला काय ठाऊक, असं तिला वाटे. तिने फक्त कोरण्याची रीत घेतली आणि स्वतःचे तीन चेहरे घडवले. ओठ मिटलेला एक म्हातारा, नजर खाली असलेली एक बाई, आणि गायला तोंड उघडावं तसा तिसरा. त्यांचे प्लास्टरचे साचे केले. साच्यात पातळ माती ओतायची, साच्याला आतून तिचा थर धरला की उरलेली काढून टाकायची, नंतर ओला मग हातात घेऊन बांबूच्या सुरीने एकेक रेघ पुन्हा जिवंत करायची. एकदा भट्टी तापलेली असताना वीज गेली आणि सगळ्या मगांच्या झिलईला फोड आले. तिने ते बाजूला काढले आणि नव्याने ओतले.

भाऊरावांनी तयार मग हातात घेऊन विचारलं, "हे कोण गं?"

"कोणीच नाही, बाबा. पण त्या लोकांपैकी कोणी पाहिलं तर त्याला राग येऊ नये, एवढं बघितलंय."

खोकी न्यायला हॉटेलच्या गाडीतून इश्तियाक अहमद आले. साठीला टेकलेले, कातरलेली पांढरी दाढी, तिथले सगळ्यांत जुने वेटर. आईने, कमलाने, चहा दिला तर आधी दोनदा नको म्हणाले आणि मग अंगणातल्या खुर्चीत ऐसपैस बसून प्यायले. भाऊरावांशी तेलीबागेतल्या घरांच्या भाड्यांवर बोलले. निघताना त्यांनी म्हाताऱ्याचा मग उलटासुलटा करून पाहिला.

"बड़े संजीदा बुज़ुर्ग हैं," भारदस्त वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं ते रुचिराला म्हणाले. तिला कामाची अशी पावती आजवर कुणी दिली नव्हती.

उद्घाटनाला रस्तोगीने बोलावलं. आई म्हणाली, तुम्हीच जा. रुचिरा आणि भाऊराव गेले. प्रत्येक टेबलावर तिच्या नावाचं छोटं कार्ड होतं, त्यावर बेटांची आणि तिथल्या कारागिरांची दोन ओळींत माहिती. ती तिनेच लिहून दिली होती. ते बघून तिला बरं वाटलं.

तेवढ्यात ढोल वाजला आणि वेटर बाहेर आले.

चौघे होते. कमरेला प्लास्टिकच्या पट्ट्यांचे घागरे, उघडी अंगं, गळ्यात खोट्या हाडांच्या माळा. तोंडं काळ्या रंगाने माखलेली आणि त्यावर पांढऱ्या रेघा. चालताना त्यांना मधूनमधून "हू हू" करायला सांगितलेलं असावं, कारण ते एकाच वेळी आणि कंटाळलेल्या आवाजात करत होते. लोक हसले. फोन निघाले. एका बाईने आपल्या लहान मुलाला एका वेटरशेजारी उभं करून फोटो काढला.

एक वेटर त्यांच्या टेबलाशी आला, ट्रेमधून दोन मग खाली ठेवले आणि हळूच म्हणाला, "लीजिए, जनाब."

तो आवाज भाऊरावांनी ओळखला. "इश्तियाकभाई?"

ते ट्रे घेऊन वळले. त्यांच्या पाठीवरची पांढरी लव दिव्यात दिसत होती.

रुचिराने चौघांच्या तोंडांकडे पुन्हा पाहिलं. आपल्याकडे माणसाची बदनामी करायची तर त्याच्या तोंडाला काळं फासतात. इथे ते पगारावर, रोज संध्याकाळी फासणार होते. आणि तिचे मग त्याच ट्रेमध्ये होते. तिने भाऊरावांकडे पाहिलं. पहिल्या पोस्टिंगच्या गावी ऑफिसात त्यांचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे, हे घरात सर्वांना माहीत होतं. ते स्वतः त्यावर बोलत नसत. आत्ता त्यांनी समोरचा मग दोन बोटांनी दूर सारला.

ती उठली.

"आधी त्यांना विचार," भाऊराव म्हणाले. "त्यांच्या वतीने तू परस्पर बोलू नको."

किचनकडच्या बोळात, हात धुवायच्या बेसिनपाशी, तिला इश्तियाक भेटले.

"चाचा, मैं रस्तोगी जी से बात करूँ?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "हमारा नाम मत लीजिएगा. नौकरी है." मग थोडं थांबून म्हणाले, "एक तरह से अच्छा ही है, बिटिया. मोहल्ले का कोई आ जाए तो पहचानेगा नहीं."

हे ऐकल्यावर तिला तिथे उभं राहवेना. रस्तोगी बारच्या टोकाला पाहुण्यांना फिरवून आणत होता. तिने त्याला बाजूला बोलावलं आणि इश्तियाकांचं नाव न घेता विचारलं, हे काय चाललंय?

"थीम है, मैम. सब एन्जॉय कर रहे हैं."

"किस बेट के... किस टापू के लोग मुँह पर बूट पॉलिश लगाते हैं?"

"अरे, इतना सीरियस कौन लेता है? आप मग बनाइए, होटल मैं चलाता हूँ."

"फिर मेरा नाम हटेगा. और दूसरा लॉट नहीं आएगा."

"खुर्जा में दस लोग बना देंगे," तो म्हणाला. खुर्जा म्हणजे चिनीमातीच्या भांड्यांचं गाव. आवाज चढला नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

तिने टेबलाटेबलावरून आपली कार्डं उचलली. लोक विचारत, तेव्हा सांगे, "ये चेहरे मैंने इज़्ज़त से बनाए थे. यहाँ जो हो रहा है, उसमें मेरा नाम नहीं चाहिए." काहींनी खांदे उडवले. एका टेबलावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने बिल मागवलं. फोटो काढणाऱ्या बाईने तोंड फिरवलं. रिक्षात बसल्यावर रुचिराने कार्डं मोजून पर्समध्ये ठेवली.

महिना गेला आणि इश्तियाकांचा फोन आला. तिला नाही, भाऊरावांना. चौघांनी मिळून मालकाला सांगितलं होतं की कामाचा पांढरा कोट घालू, नाहीतर येणार नाही. लग्नसराई होती, हाताशी माणसं नव्हती. रंग गेला, घागरे गेले. पण सर्वांत तरुण वेटरला महिनाअखेर घरी बसवलं आणि इश्तियाकांना गच्चीवरून काढून सकाळच्या नाश्त्याला टाकलं.

रुचिराने फोन मागून घेतला. "चाचा, मेरी वजह से..."

"नहीं बिटिया. आपने तो हमारी बात रख ली थी. ये हमने आपस में तय किया."

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी हॉटेलने टाकलेला व्हिडिओ तिने पाहिला. सगळ्या संस्कृतींचा आदर करतो, असं रस्तोगी हसत सांगत होता आणि त्याच्या हातात खुर्ज्याहून आलेला नवा मग होता. सुळे, लाल जीभ. हॉटेलच्या त्याच पानावर घरी बसवलेल्या त्या पोराचा फोटो, काळ्या तोंडाचा, अजून तसाच होता. तिने तो काढायला लिहिलं. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा लिहिलं. रोज लिहायला लागली.

दुसरा लॉट शेडमध्ये पडून होता. तो घेऊन तिने रविवारच्या हस्तकला बाजारात जागा घेतली. भाऊराव शेजारी खुर्ची टाकून बसले. दुपारी गॉगलवाली एक बाई आली, मिटल्या ओठांचा म्हातारा उचलून मैत्रिणीला म्हणाली, "देख, कितना प्यारा राक्षस. पार्टी में मज़ा आएगा." आणि पर्स उघडली.

रुचिराने तिच्या हातातून मग घेतला.

"ये बिकाऊ नहीं है."

"काहून गं?" भाऊरावांनी मराठीत विचारलं. "घेत होती ना ती."

"घेऊ दे दुसरीकडून," रुचिरा म्हणाली आणि मग पुसून जागेवर ठेवला.