युनिफॉर्मवरचा चुना

संशय घेण्याबद्दल पगार मिळावा अशा नोकऱ्या थोड्याच असतात. गोटीच्या आईला त्यातली एक मिळाली होती. तयार कपड्यांच्या कारखान्यात, फाटकाशेजारी पडदा लावलेली एक चिंचोळी खोली होती. शिफ्ट सुटली की शिवणकामाच्या बायका एकेक करून पडद्याआड यायच्या, हात वर करायच्या, आणि आई त्यांना चाचपून बाहेर सोडायची. डब्यातली बटणं, अंबाड्यात खोचलेली रिळं, सगळं तिनं पकडलं होतं. एकदा एक बाई "पोटात फार दुखतंय हो, लवकर सोडा" म्हणत वाकून आली, आणि तिच्या पोटाभोवती कपड्यांच्या आत लेसचा अख्खा गुंडा गुंडाळलेला निघाला. मालकांनी सगळ्यांसमोर आईचं कौतुक केलं. तेव्हापासून कुणी पोट दुखतंय म्हटलं की आईचा हात आधी पोटाकडे जायचा, पण तो लेस शोधायला.

हा स्वभाव तिनं फाटकाशीच ठेवून घरी यायला हवं होतं. पण स्वभाव काही डबा नव्हे, की विसरून यावा.

गोटी तिची एकुलती एक लेक. लहानपणी गोल गरगरीत होती म्हणून गोटी. आता दहावीत, आणि पार काटकुळी. गेल्या वर्षी एका सकाळी ती अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. "आई, पाळी आलीये. पोटात पिळवटतंय नुसतं. आज नाही जात शाळेत."

"आम्हाला नव्हती का येत? मी एक दिवस आडवी पडले नाही," आई वेणी घालता घालता म्हणाली. "आज गणिताची चाचणी आहे ना?"

चाचणी होती, हेच गोटीचं दुर्दैव. चाचणी टाळायचं नाटक, आईनं ठरवून टाकलं. नंतर गोटीनं शेकायला गरम पाण्याची पिशवी मागितली, तेव्हा "म्हातारी झालीस का आत्तापासून?" आणि गोळी मागितली तेव्हा "सवय लागते गोळ्यांची," एवढंच मिळालं. मग गोटीनं मागणंच सोडून दिलं. आईनं त्याचाही अर्थ आपल्या सोयीचा लावला. नाटकाला दाद दिली नाही की नाटक बंद पडतं, असं ती कारखान्यात बायकांना ऐकवायची.

आणि मग चुना सापडला.

युनिफॉर्म धुवायला घेताना आईला मागच्या बाजूला, बरोबर कमरेवर, चुन्याचा पट्टा दिसला. कुठे तरी टेकली असेल म्हणून तिनं सोडून दिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा पट्टा, आणि या वेळी पुढूनही, पोटावर. शिवाय कापडाला भाजलेल्या पिठाचा वास. "उशीर का झाला?" विचारलं तर गोटी म्हणाली, "जादा तास होता." आईनं शाळेच्या शिपायाला गाठलं. जादा तास वगैरे काही नव्हता.

झालं. आईचं डोकं कामाला लागलं. भिंतीला टेकून तासन्‌तास उभी राहते, म्हणजे कुणाशी तरी बोलत उभी राहते. एवढी मोठी मुलगी भिंतीला टेकून कुणाशी बोलते हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? घोळ एकच होता. हे महिन्यातून एकदाच व्हायचं. महिन्याकाठी येणारा हा दिवटा कोण? तिनं गॅसच्या टाकीवाल्याकडे असे काही डोळे वटारले, की पुढच्या खेपेला तो बिचारा टाकी दारात ठेवून पळाला. शाळेत वह्या पोचवणारा टेम्पोवाला, मीटर बघणारा, सगळे तिच्या नजरेखालून गेले. महिन्याकाठी बाईकडे आणखी काय येतं, हे मात्र या बाईच्या डोक्यात आलं नाही. ज्याच्यावर विश्वासच ठेवायचा नाही असं ठरवलेलं असतं, ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

तिनं भावाला फोन केला. "खात्री पटली की पोरीला तुझ्याकडे पाठवते. शाळा बास झाली. तुझ्या गावात तरी हिचे पाय जमिनीवर राहतील." मामानं होकार दिला. गोटीच्या कानावरही हे घातलं गेलं, अर्धवट, धमकीसारखं.  नर्स व्हायचं म्हणून ती विज्ञानाचं पुस्तक उराशी धरून झोपणारी मुलगी. तिचा चेहरा पांढरा पडला, आणि आईनं तोही पुरावा म्हणून जमा करून घेतला.

एका सकाळी गोटी न विचारताच म्हणाली, "आज जादा तास आहे." नजर चपलांवर.

आईनं अर्धी सुट्टी टाकली आणि शाळा सुटायच्या वेळेला समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाआड उभी राहिली. गोटी सगळ्यांच्या मागून एकटीच बाहेर आली. हळू चालत होती. मैत्रिणींना पुढे जाऊ देतेय, आईनं मनात म्हटलं. थोडं पुढे गेल्यावर ती विजेच्या खांबाला धरून थांबली. वाट बघतेय. रुमालानं कपाळ, ओठ पुसले. अस्सं, नटणं चाललंय. मग बेकरीच्या कडेच्या बोळात ती वळली. इतके दिवस आई जे शोधत होती ते आता सापडणार होतं, आणि ते सापडू नये असंही तिला त्याच क्षणी वाटलं.

ती बोळात शिरली. टोकाला, पिठाच्या रिकाम्या पोत्यांपलीकडे, गोटी पाठमोरी उभी होती. दोन्ही हात पसरून, गाल टेकवून, कुणाला तरी मिठी मारल्यासारखी.

"कोण आहे तो?" आई गरजली.

गोटी दचकून वळली. तिच्यामागे चुन्याची भिंत होती. बाकी कुणी नव्हतं.

"पळाला का? कुठे गेला?"

 गोटीनं दप्तर खांद्यावरून उतरवलं, आईच्या पायाशी ठेवलं, आणि कारखान्यातल्या बायकांसारखे दोन्ही हात वर केले. "घे. तपास."

आणि काय सांगावं, आईचे हात सवयीनं पुढे झालेसुद्धा. काखा, कंबर, पोट. पोटावर ते थांबले. पोट लाकडासारखं ताठरलं होतं. युनिफॉर्म गार घामानं भिजला होता, पाय थरथरत होते. खोटं लपवणाऱ्या अंगाची धडधड आईला पाठ होती. ही ती नव्हती.

"भट्टीची भिंत आहे ही," गोटी म्हणाली. "दुपारचे पाव निघाले तरी गरम राहते. शाळेतून घरापर्यंत चालवत नाही मला. इथे शेकलं की जमतं."

"अगं, मग मला सांगायचं!"

"सांगितलं होतं." गोटीचे हात अजून वरच होते. "मुलगा आहे हे तुला कुणी न सांगता पटलं, आई. दुखतंय हे मी सांगूनही नाही पटलं."

 तेवढ्यात मागचं दार उघडून बेकरीवाला बाहेर आला, कोपरापर्यंत पिठानं माखलेला.

"तुमची का ही?" तो म्हणाला. "बरं झालं भेटलात. मधूनमधून येते आणि पालीसारखी भिंतीला चिकटून राहते. काय उचलून नेते, कुणाची टेहळणी करते, मी नजर ठेवून आहे केव्हाची. विचारलं तर म्हणते पोट दुखतंय. पोट दुखणारी माणसं घरी झोपतात हो. हे काहीतरी वेगळं आहे."

बोलताना त्याचे डोळे बारीक झाले होते. असे डोळे आईनं आरशात रोज पाहिले होते. 

"वेगळं काही नाही," ती म्हणाली. "पोटात दुखतंय तिच्या."

"नक्की?"

"मी सांगते ना. तिची आई आहे मी."

बेकरीवाला पुटपुटत आत गेला. गोटीचे हात खाली आले, आणि मग ती रडली, मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी.

पिशवीतला फोन वाजायला लागला. मामाचाच असणार. आईनं दोन्ही तळवे भिंतीला लावले. चटका बसेपर्यंत तिथेच दाबून धरले, मग लेकीच्या पोटावर ठेवले. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, येताना शेकायची पिशवी आणू, असं काहीबाही ती बोलत होती. फोन वाजून वाजून बंद पडला.

"कुठे दुखतं गं नेमकं?" तिनं विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा.

"खाली," गोटी म्हणाली. "अजून थोडं खाली."