उजवीकडचे बोल्ट

प्रसूतिगृहाच्या तिसऱ्या मजल्याबाहेर, हातभर रुंदीच्या परांचीवर उभी राहून ती बोल्ट ओढून पाहत होती. इमारत जुनी, काँक्रीटची. मोठा भूकंप झाला तर तग धरणार नाही अशी. म्हणून इमारतीला बाहेरून तिरप्या दांड्यांची पोलादी चौकट जोडायची होती. चौकट खाली क्रेनला लटकत होती. ती तुळईला जखडणार ते ह्या बोल्टांनीच, आणि बोल्ट पक्के आहेत अशी सही झाल्याशिवाय ती वर येणार नव्हती. सही करणारी ही. बोल्ट बसवणारा हिचा नवरा.

नवरा-बायकोला एका कामावर जुंपू नका, असं तिने साहेबांना सांगून पाहिलं होतं. पण माणसं मिळत नाहीत म्हटलं की साहेबांचे कान बंद होतात. त्यामुळे कामावर नवरा तिला 'मॅडम' म्हणायचा आणि हाताखालची पोरं तोंड फिरवून हसायची.

नियम साधा होता: रांगेतले कुठलेही तीन बोल्ट जॅकने ओढायचे. तिने तीन ओढले. जॅकचा काटा हवा तिथवर चढला, थांबला. तीनही पास.

"बाई, वारा सुटलाय!" खालून क्रेनवाला ओरडला. "उचलू का?"

"घ्या मॅडम, पाणी," नवरा म्हणाला आणि झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा गृहस्थ संसारात आपणहून पाणी आणून देतो ते दोनच प्रसंगी. तिची सायकल परस्पर विकली तेव्हा, आणि तिच्या आईला स्टेशनवर आणायला विसरला तेव्हा. एरवी ती तापाने फणफणली तरी माठ कुठे आहे, हे तिलाच विचारणार.

ती पाणी प्यायली नाही. रांगेकडे नीट पाहिलं. उभं राहायची फळी रांगेच्या निम्म्यावर संपत होती. कुठलेही तीन म्हणता म्हणता तिने फळी पोचते तिथलेच निवडले होते.

"फळी उजवीकडे घ्या."

"कशाला? तीन झाले की."

"घ्या म्हणते ना."

"ऐकलंत का रे? बायकोला माझा भरवसा नाही!" तो मोठ्याने म्हणाला. पोरं हसली. मग तो जवळ सरकला, आणि त्याचा आवाज एकदम बदलला. "अगं, चारचौघांत माझी लाज काढू नकोस. जे काय असेल ते घरी बोलू."

तिचा हात थबकला. बोल्ट पक्का निघाला तर हा आपल्याला जन्मभर माफ करणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि पक्काच निघू दे, असं तिला मनापासून वाटत होतं. तिने स्वतःच फळी ओढली, जॅक लावला आणि दांडा मारायला सुरुवात केली.

काटा चढला. थरथरला. आणि धपकन खाली आला. पातेल्यातून चमचा निघावा तसा बोल्ट बाहेर आला. चिकटवायच्या मसाल्यावर राखाडी धुळीचा थर होता. मसाला काँक्रीटला धरलाच नव्हता, धुळीला धरला होता.

कोणी हसलं नाही.

"भोकं कंप्रेसरने फुंकून धूळ काढली नाहीत?" तिने विचारलं.

"अर्धी फुंकली." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मग खिडकीतून सिस्टर आल्या. आत एक बाई अडलीय, म्हणाल्या. कंप्रेसरच्या आवाजात डॉक्टरांचं काही ऐकू येत नाही, जरा बंद करा. केला बंद. कसं नाही म्हणणार?"

"बंद केलात ते बरंच केलंत. नंतर सुरू का नाही केला?"

"मसाला कालवलेला होता, वाळून गेला असता. वाटलं, एवढ्याने काय होतंय?"

"ती बाई ह्याच भिंतीमागे होती ना?"

"हो."

"मग हे कुणासाठी बसवत होतात?"

तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याला तिथे तसं उभं बघवतही नव्हतं. तिने क्रेनवाल्याला चौकट खाली टेकवायची खूण केली आणि रांगेतले उजवीकडचे सगळे बोल्ट काढायला सांगितले.

"एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "माझ्या जागी परका मिस्त्री असता, तर केली असतीस ना सही?"

ती नाही म्हणायला गेली, पण ते खरं नव्हतं. केली असती. तीन पास होते, वारा सुटला होता, क्रेन खोळंबली होती. परक्याने दिलेलं पाणी तिने आभार मानून प्यायलं असतं.

तिने साहेबांना फोन लावला.

"मागच्या महिन्यात दुसऱ्या मिस्त्रीने शाळेला चौकट जोडली, तिथे पुन्हा बोल्ट ओढायचेत. आजच. मुलांना आधी बाहेर काढा."

"का? तिथे काय झालं?" साहेब वैतागले. "तुम्हीच सही केलीत ना? तीनही पास होते."

"हो," ती म्हणाली. "तीनही पास होते."